रविवारी बीपी तपासणी : सभासदांसाठी सूचना

येत्या रविवारी सकाळी ७ ते ९ सोसायटीच्या हॉलमध्ये रक्तदाब तपासणी आहे. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिशरी काही नको. जिने चढून आलात तर पाच मिनिटे शांत बसा. पट्टा उघड्या दंडावरच बांधून घ्या. चालू गोळ्या नेहमीप्रमाणे घेऊनच या, पाकीट सोबत आणा. आकडा १४०/९० किंवा त्यावर गेला तर घाबरू नका, पण डॉक्टरांना जरूर दाखवा. ‘मला काही त्रास नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी यावे, कारण बीपी दुखत नाही. तिशी-चाळिशीतली मंडळी दरवेळी आईवडिलांना पाठवून स्वतः गायब होतात; यंदा ते चालणार नाही!

आणि एरवीही छातीत दडपण, घाम, हाताला कळ आली तर ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.

– सचिव