जीप गेली, मंदे

आडिवरे, ता. राजापूर
७ ऑक्टोबर २०२५

प्रिय मंदा,

काल कोजागरीचं दूध आटवताना तुझी आठवण आली आणि आज सकाळी जीप गेली, म्हणून लिहायला बसले. खरं तर मे महिन्यातच लिहायला हवं होतं. तुझा चारदा फोन आला आणि चारही वेळा मी "बागेत आहे, नंतर करते" म्हटलं. बागेत नव्हते गं. तुझ्याशी बोलायला लागले असते तर सगळं बाहेर आलं असतं, म्हणून टाळलं.

आईचे गुडघे तसेच आहेत. माझी शुगर आटोक्यात. ह्यांना गणपतीत ताप होता, उतरला.

तर जीप. गेल्या महिन्यात पुढचं चाक आत ओढायला लागलं म्हणून मिस्त्रीला बोलावलं. तो खाली सरकला, थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ताई, जरा वाका." मी वाकले. त्याने पेचकस चासीवर ठेवला आणि नुसता अंगठ्याने दाबला. खाकरा मोडतो तसा आवाज झाला आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेला. दोनदा वेल्डिंग करून घेतलेली जागा शाबूत होती, तिच्या अलीकडचं पलीकडचं लोखंड संपलं होतं. बाबा दर पावसाळ्याआधी जळकं ऑईल फासायचे, आठवतं? तू नवाकोरा पंजाबी ड्रेस घालून खाली टोपली धरून बसली होतीस. बाबा गेल्यावर मी दोन-तीन वर्षं फासलं, मग राहून गेलं. खारी हवा काही विसरत नाही. १९९१ ची एमएम ५४०, ३४ वर्षं झाली. मिस्त्रीने इंजिन आणि गिअरबॉक्स सुट्या भागांसाठी घेतला, बाकी भंगारात. टेम्पोवर चढवताना हे म्हणाले, तू आत जा. गेले नाही. फाट्याच्या वळणापर्यंत बघत राहिले.

आता मे महिन्याचं.

यंदा पाऊस किती लवकर आला ते तू कोल्हापुरात बघितलंच असशील. मान्सून २५ मेला तळकोकणात, पण त्याच्या आधीचे चार दिवसही धो धो. वरच्या बागेत तीस-पस्तीस कलमांवरचा आंबा तसाच होता. जीप तेव्हाही धड नव्हती, म्हणून भाड्याची पिकअप बोलावली. पाऊस दोन तास थांबला तेवढ्यात पोरांनी आंबा काढला, साठ क्रेट भरले, म्हणजे हजार-बाराशे किलो. आणि वर पाच जण बसले. क्रेटवर. मीच म्हटलं, बसा पटकन, परत येईल पाऊस.

घाटीचं ते वळण तुला माहीत आहे, जिथे डावीकडे दगडी गडगा आहे आणि उजवीकडे व्हाळाचं पाणी. कातळावर बुळबुळीत चिखल आलेला. ड्रायव्हर नवखा, उतारावर घाबरला आणि त्याने ब्रेकवर उभं राहावं तसा ब्रेक दाबला. ओल्या जांभ्यावर ब्रेक दाबला की चाक थांबतं, गाडी थांबत नाही. ती तशीच आडवी सरकत गडग्यावर गेली. नशीब की गडग्याच्या बाजूला गेली. वरच्या क्रेटसकट आमचा सगळ्यात लहान नेपाळी पोरगा खाली आला. खांद्याचं हाड मोडलं. एकोणीस वर्षांचा आहे गं तो. राजापूरला नेईपर्यंत एकदाही ओरडला नाही, फक्त विचारत होता, "ताई, आंबा फुटला का?"

रात्री त्याच्या आईचा फोन आला. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी नाही. तिने काहीतरी विचारलं, मी नुसतं "ठीक है, ठीक है" म्हणत राहिले.

आता तुला कळलं ना मी फोन का टाळला. २००९ साली तू आणि भाऊजी आला होतात, तेव्हा जीपच्या मागच्या ट्रेलरमध्ये बायका बसलेल्या बघून तू अंगणातच मला झापलं होतंस. विमा कंपनीत बसून तू असल्या फायली रोज बघतेस, मालाच्या जागेवर माणूस बसवणं कायद्यातच बसत नाही, काही झालं तर भरपाईसाठी त्या बाईच्या पोरांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. सगळं सांगितलंस. आणि मी तुला म्हटलं, तू कोल्हापुरात खुर्चीवर बसून शहाणी झालीस, इथे घाटी चढून बघ. तू त्या रात्री न जेवता झोपलीस. नंतर आपण बोललो, पण त्या विषयावर कधीच नाही. मंदे, तुझं बरोबर होतं. तेव्हाच बरोबर होतं.

म्हणून आता गाडी घ्यायची तर पहिली अट एकच: कामाची सगळी माणसं आत, सीटवर, दरवाजा लावून. हौदा फक्त आंब्याला, खताला आणि फवारणीच्या टाकीला. ही अट घातली की निम्म्या गाड्या आपोआप बाद होतात. साधी पिकअप बाद, तिच्यात ड्रायव्हर आणि शेजारी एक-दोन. दादाला थार हवी आहे. तो मुंबईहून वर्षातून दोनदा येतो, पण येतो तेव्हा मनापासून येतो, आणि थार उतरेल घाटी, त्यात शंका नाही. पण चार माणसं बसली की मागे क्रेट ठेवायला जागा कुठे? जिम्नीचं तर मला फार वाईट वाटलं. अंगाने सडसडीत, १६४५ मिलिमीटर रुंद, आपल्या गडग्यांमधून कोपर न घासता जाईल. चारही चाकांना जोर आहे, लो गिअर आहे. पण डिकी २०८ लिटर. खेळणं नाही ती, चांगली गाडी आहे, पण माझ्या कामाची नाही. फोर्सच्या गुरखा गाडीचंही तेच. तिच्या पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलला लॉक आहे, एक चाक हवेत गेलं तरी बाकीची ओढतात. हौदा मात्र नाही.

मग राहिल्या पाच सीट आणि मागे हौदा असलेल्या. इसुझूची व्ही-क्रॉस बघितली आणि खरं सांगते, जीव अडकला. १६३ अश्वशक्ती, आत बसलं की मोटारीसारखी. तिची लांबी सतरा फुटांच्या वर आहे. घरी आल्यावर मी आणि गड्याने दोन बांबू एकमेकांना बांधून साडेसतरा फुटांचे केले, सहा फुटांची आडवी काठी लावली आणि ती चौकट धरून त्या वळणावर चालत गेलो. पुढचं टोक वळलं, मागचं गडग्यात अडकलं. मागे-पुढे, मागे-पुढे तीनदा केलं, तिसऱ्यांदा माझा पाय व्हाळाच्या कडेला आला. मग बांबू सोडून सोळा फुटांचा केला, काठी साडेपाच फुटांची. हे बोलेरो कॅम्परचं माप. एकदा मागे घेतलं आणि गेली. गडी टाळ्या वाजवत होता. गडगा पाडून वळण रुंद करता येईल, पण तो आत्याच्या वाटणीत आहे आणि तिथे हात लावायचा म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

म्हणजे कॅम्पर. अडीच लिटर डिझेल, ७५ अश्वशक्ती, टनाच्या आसपास माल, मागे पाट्यांचं सस्पेन्शन. रिकामी असली की उधळते, पाठ मोडते. पण तिला दुरुस्त करणारा मिस्त्री प्रत्येक फाट्यावर आहे, आणि हे मला सगळ्यात मोठं वाटतं. आंब्याच्या दिवसांत गाडी चार दिवस वर्कशॉपला राहिली तर माल झाडाखाली सडतो.

आता खरा घोळ. टू-व्हील ड्राइव्ह घ्यायची की फोर-व्हील, म्हणजे जोर मागच्या दोनच चाकांना की चारही? शोरूमवाला टू-व्हीलच घ्या म्हणून मागे लागला आहे, कारण ती दारात उभी आहे आणि दुसरी मागवावी लागते. त्याने मला आधी विचारलं, "मिस्टर येणार आहेत का?" मी म्हटलं, गाडी मी चालवणार आहे. मग म्हणाला, "मॅडम, मागे माल असला की मागच्या चाकांना पकड येतेच." येते की! पण आपण घाटी रिकामी चढतो आणि भरून उतरतो. चढताना हौदा हलका, जोर सगळा मागच्या चाकांना, आणि चाकं शेवाळावर जागच्या जागी फिरतात. काही जण हौद्यात वाळूची पोती टाकतात. चढायला चालतं ते, पण उतरताना काय? त्या दिवशी त्या पिकअपच्या मागे बाराशे किलो होते, पकड कुठे होती?

बाबांचं वाक्य तू विसरली नसशील. "लो टाक, पहिला टाक, पाय उचल. इंजिनाला उतरवू दे." लो गिअरमध्ये गाडी मुंगीसारखी उतरते आणि तो आवर चारही चाकांवर सारखा पडतो. जीप शेवटच्या पावसापर्यंत तशीच उतरत होती, त्या मोडक्या चासीसकट. ह्यांनी विचारलं, मग कायम फोर-व्हीलमध्येच का नाही ठेवायची? अहो, डांबरावर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ह्या गाड्यांत दोन्ही आस एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, मग ताण गिअरवर येतो. ओल्यावर, चिखलावर चाक थोडं घसरून तो ताण सोडतं. हे मला बाबांनी सांगितलं होतं आणि तुलाही, वेत्त्याच्या वाळूत.

वेत्ये! मंदे, अजूनही माझं म्हणणं तेच आहे, फोर-व्हीलचा दांडा तू अर्धवट टाकला होतास. आणि तू म्हणणार, मी ॲक्सिलरेटर दाबत बसले म्हणून चाकं रुतली. भरती दरवाज्याला लागत होती आणि आपण दोघी त्यावर भांडत होतो. टायरमधली हवा सोडायचं मी काढलं, झावळ्या तू आणल्यास, हे तरी मान्य कर. तीस वर्षं तू दोन्हीचं श्रेय घेते आहेस. आता त्या किनाऱ्यावर गाडी नेणं मनातसुद्धा आणवत नाही, तिथे कासवं अंडी घालतात. दादा म्हणतो, थार घेतली तर पोरांना सड्यावर फिरवू. मी म्हटलं, सड्यावर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, त्यावरून टायर गेलेलं मला चालणार नाही. त्याला ते पटलं, तेवढा तो समजूतदार आहे.

पैशाचं म्हणशील तर २२ सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. दादाच्या मनातल्या २.२ डिझेल थारवर ४०. फोर-व्हीलसाठी जे जास्तीचे जाणार आहेत त्यातले बरेचसे इथेच वाचतात, असं मी ह्यांना कागदावर मांडून दाखवलं. पाटी पिवळी येईल, पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी पासिंग. जाऊ दे, त्या निमित्ताने कोणीतरी खालून बघेल तरी. कर्ज काढायचंच आहे. यंदा पावसाने जो आंबा नेला तो नेला, पण मोहोराआधी गाडी दारात हवी. तो पोरगा दसऱ्याला गावी गेला आहे, खांदा आता वर उचलतो. जाताना विचारून गेला, "ताई, नवीन गाडी येणार ना? मी पुढे बसणार." मी हो म्हटलं आहे.

तुझी सून कशी आहे? सातवा लागला ना? डोहाळजेवणाला मी येणार, तारीख आधी कळव. भाऊजींचं मोतीबिंदूचं झालं का? त्यांना सांग, फणसाचे गरे तळून ठेवलेत.

आता काम सांगते. कोल्हापूरच्या शोरूममध्ये फोर-व्हील कॅम्पर चालवून बघायला मिळेल असं फोनवर म्हणाले. पुढच्या शनिवारी अणुस्कुऱ्यातून सकाळी निघते, दहा-साडेदहाला तुझ्या दारात. तू बरोबर यायचंस. मागच्या सीटवर तू बस आणि मला सांग, तीन माणसं गुडघे न आपटता बसतात का, पट्टे तिघांना आहेत का, विम्यात कामगारांचं वेगळं काय लिहून घ्यायचं. ते तुझ्याशिवाय कोणाला विचारू? मग परत येताना तू चालव.

जीपच्या लो गिअरच्या दांड्यावरची काळी गोटी मिस्त्रीकडून काढून घेतली आहे. तुझ्या अंगठीने पडलेला ओरखडा अजून आहे तिच्यावर. आगळाच्या बाटल्यांबरोबर पिशवीत ठेवली आहे.

तुझी,
शालू