इथून मृग उलटा दिसतो

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

आई, तू विणलेला हिरवा स्वेटर घालून लिहिते आहे. चिलीत उन्हाळा असला तरी पारानाल वेधशाळेच्या डोंगरावर रात्री गारठा असतोच. काल बाहेर आले तर समोर मृग, पण उलटा! बाबा गच्चीवर दाखवायचे तो लालसर काक्षी तारा खाली आणि राजन्य तारा वर.

बाबा, "फुटलेला तारा बघून कुणाचं काय भलं होणार?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. काक्षीसारखे अवाढव्य तारे कोटभर वर्षं जळतात. शेवटी गाभ्यातलं सिलिकॉन जेमतेम दिवसभर पुरतं. मग उरतं लोखंड, त्यातून ऊर्जा मिळत नाही. पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्या आत ढासळतो आणि तारा फुटतो. विश्वातला बहुतेक ऑक्सिजन अशाच ताऱ्यांत तयार झाला. कोविडमध्ये तुम्हाला अकरा दिवस लावलेला तोसुद्धा, बाबा.

मे 2023 मध्ये एम 101 दीर्घिकेत असा एक तारा फुटला. जपानच्या कोइची इतागाकींनी तो हेरला. मरण्याआधीच्या काही वर्षांत ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू स्फोटाने उजळला आणि वर्णपटात, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मिळणाऱ्या पट्ट्यात, बारीक रेषा उमटल्या. आठवड्याभरात त्या पुसल्याही गेल्या. तारा अखेरीला एवढा वायू का फेकतो, हेच मला शोधायचंय. हा तारा दोन कोटी प्रकाशवर्षांवर, म्हणजे आमच्या हिशेबाने शेजारीच होता. लांबच्यांसाठी इथले 8.2 मीटरचे आरसे अपुरे पडतात.

वीस किलोमीटरवर आर्माझोनेसला 39 मीटर आरशाची दुर्बीण उभी राहते आहे. आरशाचे 798 षटकोनी तुकडे. त्यातला एक मी जवळून पाहिला. आपल्या जेवणाच्या टेबलाएवढा, पाच सेंटिमीटर जाड. श्वासाची वाफ बसेल म्हणून तोंडावर हात धरून उभी होते. रुबिन वेधशाळा नवे स्फोट शोधून देईल आणि ही दुर्बीण त्यांचा वर्णपट घेईल.

ती सुरू व्हायला या दशकाची अखेर उजाडेल. म्हणून मी इथली मुदत तीन वर्षं वाढवून घेतली. यंदा कायमची परत येईन असं म्हटलं होतं, ते मोडलं. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही.

गणपतीत वीस दिवस येते. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हाच ठेवा, मी सोबत असेन.

तुमची,
ताई