तात्यांची विहीर

प्रिय दत्ता,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. आईचा गुडघा तसाच, बाकी बरं. आज लिहितोय ते शेजारच्या तात्यांच्या विहिरीपायी. पाणी दोन परस, दोन माणसांच्या उंचीएवढं, खाली गेलंय, आणि ते माझ्यामुळं गेलं असं मला वाटतं.

मी बोअर पाडली. २०१४ साली तू पाडायची म्हणालास, तेव्हा पारावर चार लोकांत तुला पुरंदरातल्या नायगावचा दाखला ऐकवला होता. बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंख्यांनी तिथं माणशी अर्ध्या एकराचं पाणी ठरवलं, भूमिहीनालाही वाटा दिला, आणि तू एकट्यापुरतं बघतोस, असं म्हणालो होतो. दीड वर्ष आपलं बोलणं बंद होतं.

यंदा मिठा बहार, उन्हाळ्यात निघणारा, धरला. सव्वा एकर अंजीर. फळ सुपारीएवढं झालं आणि आमची विहीर तासाभरात उपसू लागली. ठिबक आहे रे, पण ड्रिपरच्या तोंडाशी क्षाराची पांढरी खपली. दोनदा अ‍ॅसिड सोडलं, तरी ओळीच्या शेवटच्या झाडांना थेंब नाही. खारींनी नळ्या कुरतडल्या त्या वेगळ्याच. त्यात लाईट रात्रीची. बॅटरी तोंडात धरून जॉइनर बसवायचे. फळं गळायला लागली तेव्हा बोअरची गाडी बोलावली. एकशे नव्वद फुटांपर्यंत नुसता फुफाटा, मग दोन इंची पाणी. आईनं नारळ फोडला. तात्याही आले होते. टोपी काढून त्यांनी पाण्याला नमस्कार केला.

बाराव्या दिवशी त्यांच्या मोटरच्या पाइपाचा तळाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडला.

आपल्याकडं पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्यांच्या बांधापासून साठ फुटांवर मी त्यांचाच झरा कापला असणार. तात्या एका शब्दानं बोलले नाहीत. काल उलट पिशवीभर वांगी देऊन गेले. पिशवी अजून तशीच खुंटीला आहे. त्यांच्या याच विहिरीत तुला पोहायला शिकवताना पाठीला पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधून ढकललं होतं, आणि तू 'आई' म्हणायचं सोडून 'मास्तर, मास्तर' ओरडलास!

एक आड एक दिवस बोअरचं पाणी त्यांच्या वांग्यांना देतो, पाईप मी टाकतो. पण मी सांगितलं तर ते नको म्हणतील, तू बोललास तर घेतील.

पिंट्याचे पेपर संपले का? वहिनींना नमस्कार.

रविवारी ये. शुक्रवारपासून माझी मोटर बंद ठेवतो. विहिरीत दोर सोडून मोजू, झरा परत चढतो का.

तुझा,
बाळू