परवा फॉर्म भरला

हुडकेश्वर, नागपूर
28 डिसेंबर 2025

ती. आई-बाबांना सा. न.,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला असता आणि आईला रात्रभर झोप लागली नसती, म्हणून लिहिते आहे. पत्र आईने मोठ्याने वाचायचं. बाबा, तुम्ही डोळे मिटून ऐका.

परवा मी महापालिकेचा फॉर्म भरला. अपक्ष. आधी विचारलं नाही, त्याची रुखरुख आहे. पण तुम्ही "नको" म्हटलं असतं तर मला ते मोडता आलं नसतं.

याहून जड गोष्ट वेगळीच आहे. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन 6 तारखेचं मी 20 वर नेलं. मतदान 15 ला, मोजणी 16 ला. डॉक्टरांना दोनदा विचारलं. पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही म्हणाले. त्यांनी जरा जरी मान हलवली असती तर मी फॉर्म भरलाच नसता, चिमूची शपथ. 18 ला मी स्वतः गाडी घेऊन घ्यायला येते. खालची खोली तुमचीच. पलंग खिडकीपासून सरकवून ठेवला आहे, थंडी लागणार नाही. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली, गिझर आहेच. आईला पहाटे चार वाजता चहा लागतो, म्हणून विजेची किटली खोलीतच ठेवली आहे. कोणाला उठवायचं नाही, कोणाला विचारायचं नाही.

आता पक्षाकडून का नाही, ते सांगते. दिवाळीनंतर एका पक्षाचे गृहस्थ घरी आले होते. आमच्या प्रभागात चार जागा, त्यातल्या दोन बाईच्या. त्यांना उमेदवार हवी होती. मी पाणी घेऊन बाहेर आले. ग्लास माझ्या हातून घेतला आणि विचारलं तुमच्या जावयांना, "तुम्हाला किती वेळ देता येईल?" मी तिथेच ट्रे घेऊन उभी. हे म्हणाले, "उभी ती राहणार आहे, तिला विचारा." ते पुन्हा आले नाहीत. त्या रात्री मी ठरवलं.

आई, 97 ची गोष्ट काढते, रागावू नको. तू ग्रामपंचायतीत होतीस तेव्हा मी अकरा वर्षांची होते, तुझं बोट धरून मीटिंगला यायची. शाळेच्या वऱ्हांड्यात तरटपट्टी अंथरलेली, आणि तू दाराजवळ, डोक्यावरून पदर. बाबा ग्रामसेवकाशेजारी बसायचे. कोणी विचारलं, "बाईचं काय म्हणणं?" की बाबा म्हणायचे, "तेच, माझं हाय ते." शेवटी रजिस्टर तुझ्याकडे यायचं. तू एकेक अक्षर काढायचीस आणि डोक्यावरची रेघ सगळ्यात शेवटी, एका दमात. ती रेघ मला अजून दिसते.

आणि एकदाच तू बोललीस. "पंपाचं काय झालं?" एवढंच. सगळ्यांनी तुझ्याकडे नाही, बाबांकडे पाहिलं. खालच्या वस्तीतल्या बाया तेव्हा विहिरीवर रांग लावत होत्या, आणि ते तुला माहीत होतं, मीटिंगमधल्या कोणालाच नव्हतं.

बाबा, हे तुमच्यावर नाही. तेव्हा घरोघरी तसंच होतं. काका-आजोबा अडून बसले असताना तिला उभं तुम्हीच केलंत, सही तुम्हीच शिकवलीत, आणि दुसऱ्याच दिवशी सायकलवर उमरेडला जाऊन पंपाचा मिस्त्री तुम्हीच आणलात. मी विसरलेले नाही. पण घरी येऊन "मले काऊन नाही सांगतलं?" असं तुम्ही विचारलंत आणि आईने पुन्हा कधी तोंड उघडलं नाही, तेही मी विसरलेले नाही. मला त्या तरटपट्टीवरून पुढे सरकून बसायचं आहे, एवढंच.

"राखीव जागेवरची बाई नावापुरती," हे तुम्ही नेहमी म्हणता. मग अनसूयाबाई काळे? 1952 आणि 1957, दोन्ही वेळा नागपूरने त्यांना लोकसभेत पाठवलं, तेव्हा कुठलं आरक्षण होतं? त्यानंतर आजपर्यंत नागपूरहून एकही बाई लोकसभेत गेलेली नाही. चांगल्या बाया संपल्या असं तुम्हीही म्हणणार नाही. गेल्या वर्षी 543 पैकी 74 निवडून आल्या. तेहेतीस टक्क्यांचा कायदा 2023 ला झाला, 1996 पासून विधेयक हिंडत होतं, आणि आता जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना होईपर्यंत थांबा म्हणतात. तिथली वाट कोण पाहणार? इथे महापालिकेत 2011 पासून निम्म्या जागा बायांच्या आहेत, 151 पैकी 76. राखीव जागा म्हणजे दार उघडं, बाबा. आत गेल्यावर बोलायचं कोणी, ते आपल्या घरात ठरतं. यांनी स्वतःहून सांगितलं, "बॅनरवर माझा फोटो नको."

मार्च 2022 पासून इथे नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहेत. प्रभागात साठ हजारांवर माणसं. निवडून येईन असं म्हणत नाही. पण गल्लीतल्या बाया पाण्याचं, गडर लाईनचं माझ्याकडेच येऊन सांगतात, कारण मी लिहून ठेवते. दोन वह्या भरल्या.

खर्चाची काळजी करू नका. शेताला, तुमच्या एफडीला हात लावलेला नाही. शिकवणीची मुलं पंधरा दिवस शेजारच्या मॅडमकडे. चिमूचा डबा हे करतात, पोळ्या जाड होतात पण ती खाते.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळची सकाळीच, "दुपारी घेतो" चालणार नाही. अंधारात गोठ्याकडे जायचं नाही, टॉर्च उशाशी. आई, गुडघ्याला तेल लाव आणि धुणं बाईला दे. तिचे पैसे मी पाठवले आहेत. गावात कोणी काही बोललं तर वाद घालू नका. तिळगूळ या वर्षी उशिरा मिळेल. संक्रांतीला मला गावी येता येणार नाही, माफ करा.

डब्यात बाबांचं मफलर, गोळ्या आणि दोन किलो संत्री आहेत. खालची आधी काढा, ती पिकली आहेत.

आई, एक काम कर. एका कोऱ्या कागदावर तुझी सही करून पिंटूसोबत पाठव. मला ती वहीत ठेवायची आहे.

तुमची,
बेबी