चूक चिठ्ठीत होती, मन्या

प्रिय मन्या,

चार महिने गप्प होतो, आणि आता लिहितोय तेही गुन्हेगार म्हणून. नंदूने तू भाजलेल्या कोंबडीच्या तंगड्यांचा फोटो दाखवला. बाहेरून कोळसा, हाडापाशी कच्च्या. "मन्याला आच कळत नाही," म्हणून तो खिदळत होता. मला हसू आलं नाही. चूक तुझी नाही, मी दिलेल्या मसाल्याच्या चिठ्ठीची आहे. (गुडघा तसाच आहे, विचारू नकोस.)

चिठ्ठीत ब्राउन शुगर आणि पॅप्रिका (ती सौम्य लाल मिरचीची पूड) सारखीच, चार-चार चमचे. ते प्रमाण झाकणाखाली ११०-१२० अंशांवर तासन्‌तास शिजणाऱ्या मांसाच्या मोठ्या तुकड्याचं. तू ते थेट निखाऱ्यांवर घातलंस. तिथली जाळी सहज अडीचशेच्या वर जाते आणि साखर एकशेसाठ-सत्तरलाच रंग धरायला लागते. पुढे ती करपून कडू होते. पॅप्रिका आणि लसूण पावडरही करपतातच, वर साखरेच्या पाकात चिकटून बसतात. हे सगळं एका ओळीत लिहायला हवं होतं, राहिलं.

तेव्हा जाळीसाठी वेगळी बरणी कर. पॅप्रिका ३० ग्रॅम, मिरी १५, धने, जिरे, लसूण पावडर आणि कांदा पावडर प्रत्येकी १०, मोहरीपूड आणि तिखट ५-५. किलोला १५ ते २० ग्रॅम धर, म्हणजे पाचेक किलोला पुरेल. साखर नाही. मीठही नाही, आणि इथे तू भांडणार हे ठाऊक आहे.

भांड. पण मीठ मांसात आत उतरतं, मसाला वरच्या वर राहतो. दोघांची वेळच वेगळी. शिवाय मसाल्यातच मीठ असलं की तिखट वाढवताना खारटपणाही वाढतो, आणि भरड मसाल्यातून बारीक मीठ बरणीच्या तळाशी जातं. शेवटचा चमचा म्हणून खारट लागतो. मीठ किलोला १०-१२ ग्रॅम, काट्यावर मोजून. चमच्याने नको! जाड्या मिठाचा चमचा बारीक मिठापेक्षा हलका भरतो, आपल्या त्या जुन्या वादाचं मूळ हेच. आदल्या रात्री मीठ चोळून तुकडे फ्रिजमध्ये उघडेच ठेव. कातडी कागदासारखी कोरडी झाली पाहिजे. ओल्या कातडीवर मसाल्याचा चिखल होतो आणि आधी वाफच निघत बसते.

धने, जिरे, मिरी मंद आचेवर दोन-तीन मिनिटं हलव. जिऱ्याचा वास आला, रंग जेमतेम बदलला, की लगेच ताटलीत काढ; गरम तव्यात राहिलं तर उतरवल्यावरही करपत राहतं. पूर्ण गार होऊ दे, मगच भरड वाट. तू घाई करणार, म्हणून सांगतो: कोमट असताना बरणीत भरलंस तर झाकणाला आतून दव धरतं आणि दोन दिवसांत गठ्ठे होतात. पॅप्रिका मात्र भाजू नकोस, तशीच मिसळ. आणि कच्च्या मांसाचा हात बरणीत नको, लागेल तेवढा मसाला आधी वाटीत काढ.

जाळीवर लावण्याआधी तेलाचा पुसट हात, मग मसाला. निखारे एका बाजूला, तंगड्या दुसऱ्या बाजूला, झाकण बंद. हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपस. ७४ अंश म्हणजे शिजलं, पण तंगडी ८०ला जास्त मऊ लागते. रंग हवाच असेल तर शेवटी मिनिटभर निखाऱ्यांवर. गोडवा हवा असेल तर अगदी शेवटच्या पाच मिनिटांत मध पुसायचा, आणि तेव्हा आचेच्या बाजूला जायचं नाही.

घर बदललंस म्हणे, सुनीताचंही काहीतरी चांगलं झालंय असं नंदू म्हणाला. नीट काय ते कळव.

जुनी चिठ्ठी फाडू नकोस. खांद्याच्या मोठ्या तुकड्याला तेच प्रमाण लागतं. फक्त वर ठळक लिही: मंद आच, झाकण बंद.

तुझा,
बाळ्या