वार्षिक सभेआधी, मंगलला

डोंबिवली (पूर्व)

प्रिय मंगल,

पत्र मिळालं. सोसायटीचं सचिवपद कुणी मागून घेत नाही. सभेला जो उशिरा पोचतो किंवा ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या गळ्यात ते पडतं. तुझं दुसऱ्या प्रकारात झालेलं दिसतंय. मी महिलांच्या राखीव जागेवर समितीत आले होते. बाई सह्या करतील, चहा सांगतील आणि बाकीचं पुरुष मंडळी बघतील, असा तेव्हा सगळ्यांचा अंदाज होता. तो किती टिकला ते तुला माहीतच आहे.

तुझ्या पत्रातली निम्मी जागा त्या दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांनी खाल्ली आहे. प्रत्येक बिलाची झेरॉक्स मागतात, व्हाउचरवर सही कुणाची ते विचारतात, मागच्या सभेचं इतिवृत्त ओळ न् ओळ तपासतात. आणि तू विचारतेस, यांना सभेत गप्प कसं बसवायचं? मंगल, बसवू नकोस. असा एक माणूस सोसायटीत असणं हे तुझं नशीब आहे.

आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. ताळेबंद हातात पडला की पेन्सिल घेऊन बसतात. एका वर्षी त्यांनी भर सभेत विचारलं, 'लिफ्ट पावसाळ्यात महिनाभर बंद होती, मग देखभाल कराराचे पूर्ण बारा महिन्यांचे पैसे का दिले?' अध्यक्ष गोरेमोरे झाले. खजिनदार म्हणाले, करार वार्षिक आहे, त्यात असं काही धरत नाहीत. काकांनी शांतपणे कराराची प्रत काढली आणि चष्मा कपाळावर सरकवून ते कलम वाचून दाखवलं: ठरावीक दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली तर तेवढी मुदत वाढवून द्यायची. करारावर सह्या आम्हीच केल्या होत्या, वाचला मात्र काकांनी. ठेकेदाराला पत्र गेलं, मुदत वाढून मिळाली. त्या दिवसापासून मी हिशेब छापायला देण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्याकडे घेऊन जाते. काकू पोहे करतात, काका लाल खुणा करतात. त्या खुणांची उत्तरं माझ्याकडे तयार असली की सभेत आवाज चढत नाही.

खरा त्रास न बोलणाऱ्यांचा असतो. सभेला यायचं नाही, नोटीस शू-रॅकवर तशीच पडू द्यायची, आणि ठराव झाल्यावर रात्री साडेअकराला ग्रुपवर लिहायचं, 'हे कुणी ठरवलं?' गणपतीच्या आरतीला जिना भरून जातो आणि सभेला खुर्च्या रिकाम्या. आम्ही त्यावर तोडगा काढला. सभा विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी घेतो. खाली पार्किंगमध्ये मांडववाल्याच्या खुर्च्या अजून असतात, माणसंही गावाहून परतलेली असतात. पण गणपती उशिरा आले तर तारखेकडे नीट बघ. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत सभा व्हायलाच हवी. उशीर झाला तर समितीतल्या लोकांना अपात्र ठरवण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं, आणि सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात तुझ्यासारखीला उभं राहून खुलासे द्यावे लागतील. ऑडिट त्याच्याही आधी, जुलैअखेर हातात हवं. ऑडिटरने काढलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल सभेपुढे ठेवायचा असतो. तो पुष्कळ सोसायट्या विसरतात आणि तुझे दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ नेमके तोच मागतील.

आता गणपूर्तीचं, म्हणजे सभेला किमान किती सभासद हजर हवेत त्याचं. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातला जो आकडा कमी असेल तो. तुमच्या २४ सदनिका म्हणजे १६. आमच्या ३६, त्यांचे दोन तृतीयांश २४ होतात, म्हणून आम्हाला २०. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, नोटीस देण्याचा आणि सभेचा दिवस सोडून. नोटिशीत एक ओळ न विसरता घाल: गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन त्याच दिवशी अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी भरेल. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. बहुतेक सोसायट्यांत खरी सभा हीच असते. दहाची वेळ दिली तर दहाला सात-आठ डोकी, मग अर्धा तास बटाटेवडा आणि पाऊस-पाण्याच्या गप्पा, साडेदहाला कामकाज सुरू. कायद्याला हे चालतं. मला मात्र आवडत नाही. पाच-सात जणांनी मंजूर केलेला खर्च वर्षभर कुणी मनापासून मान्य करत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी मी आणि समितीतली दुसरी एक बाई मजल्यामजल्यावर फिरतो. 'उद्या या हं' एवढंच सांगतो आणि कामाचा पहिला विषय काय आहे तेही सांगतो. फोन आणि ग्रुपवरचा मेसेज याची जागा घेत नाहीत, अनुभव आहे.

याच फेरीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. निम्म्या सदनिका कागदावर बायकांच्या नावावर आहेत, स्टॅम्प ड्यूटी किंवा कर्जाच्या सोयीसाठी, आणि सभेत बोलायला, हात वर करायला येतात नवरे. कायद्याने सभासद जी आहे तिचंच मत. प्रतिनिधी, मुखत्यारपत्र, अधिकारपत्र काही चालत नाही. मूळ सभासदाच्या जोडीला सहयोगी सभासद म्हणून नवऱ्याचं नाव नोंदलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तेही मूळ सभासद गैरहजर असताना आणि लेखी कळवून. पहिल्या वर्षी मी हजेरीच्या वहीत सही घेताना एका साहेबांना विचारलं, 'वहिनी येताहेत ना?' साहेब चिडले. म्हणाले, तिला यातलं काय कळतंय. मी म्हटलं, मग तुम्ही बसा, ऐका, मत मात्र वहिनींचं. पंधरा मिनिटांनी वहिनी कणकेचे हात पुसत खाली आल्या, आणि पाण्याच्या टाकीच्या सफाईबद्दल जे बोलल्या ते ऐकून दोन समिती सदस्यांनी वही काढली. टाकी शेवटची कधी साफ झाली, झाकण कुठल्या बाजूने तुटलंय, पाणी कितव्या दिवशी पिवळं येतं, सगळं त्यांच्याकडे. तुमच्याकडे हे नक्की कर. वाद होईल, तो होऊ दे.

वर्गणी, म्हणजे मेंटेनन्स. तू लिहिलंस तळमजल्याचे लोक लिफ्टचे पैसे द्यायला नाही म्हणतात. हे प्रत्येक सोसायटीत आहे. उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, सरळ लिहिलंय, लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना समान, वापरा किंवा वापरू नका. भांडण नको, उपविधीचं ते पान मोठं करून फलकावर लाव. सेवाशुल्क सदनिकेमागे समान, क्षेत्रफळावर नाही. पाणी मात्र घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामासाठीची राखीव ठेव, किमान ०.२५ टक्के. थकबाकी झाली तर व्याज सभा ठरवेल त्या दराने, पण सरळव्याज २१ टक्क्यांच्या वर नाही. वसुलीसाठी अजूनही सगळे '१०१ची नोटीस' म्हणतात, सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१वरून. २०१९च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४(ब)-२९ आहे, मजकूर लिहिताना तेवढं पाहा. भाडेकरू ठेवलेल्यांकडून बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, तेही महापालिकेचे कर वगळून. आमच्या मागच्या समितीतले काही जण ते दुप्पट लावायला निघाले होते, काकांनीच थांबवलं. पुन्हा काका.

सिंकिंग फंडाला हात लावण्याचा मोह तुमच्या अध्यक्षांना होईल. रंगकामाला पैसे कमी पडले की तो सगळ्यांना आठवतो. ती ठेव मोठ्या, इमारतीच्या जिवाशी संबंधित कामासाठी आहे आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय मोडता येत नाही. आमच्या बिल्डिंगने तिशी ओलांडली, त्यामुळे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे अभियंत्याकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, लागतं. तुमची १५ ते ३० या वयात असेल तर दर पाच वर्षांनी. आमच्या अभियंत्याने मागच्या खेपेला जिन्याखालच्या खांबाला नुसतं हातोडीने टकटक केलं, तर प्लास्टरचा ताटाएवढा पापुद्रा सुटून त्याच्या बुटावर पडला आणि आत गंजलेली सळई दिसली. त्याचा फोटो मी पुढच्या सभेच्या नोटिशीला जोडला. दुरुस्ती निधी वाढवण्याचा ठराव एका हाताशिवाय सगळ्यांनी मंजूर केला. तो एक हात कुणाचा, हे तू ओळखशील.

'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' ही कार्यक्रमपत्रिकेची शेवटची ओळ मोठी घातक आहे. ठरलेले विषय वीस मिनिटांत संपतात आणि त्या एका ओळीवर दीड तास जातो: पार्किंग, कुत्रा, वरच्या मजल्याची गळती, शेवटी रिडेव्हलपमेंट. तिथे फक्त ऐकून घ्यायचं, टिपून घ्यायचं. पैशाचा ठराव त्या ओळीखाली करायचा नाही. गळतीचा नियम तेवढा तोंडपाठ ठेव. गच्चीतून आणि बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर सोसायटीचं काम, वरच्या घरातल्या न्हाणीघरातून किंवा सिंकमधून येत असेल तर ते त्या घरवाल्याचं. रिडेव्हलपमेंटचं कुणी काढलं तर हसून सांग, त्यासाठी स्वतंत्र विशेष सभा, ४ जुलै २०१९चा शासन निर्णय, ५१ टक्के सभासदांची संमती, व्हिडिओ चित्रीकरण. बिल्डरचा कुणी नातेवाईक नाही ना, हेही त्याच वेळी विचार, हसूनच.

इतिवृत्त त्याच आठवड्यात लिही. चार महिन्यांनी आठवून लिहिलेलं इतिवृत्त कुणाच्याही बाजूचं होतं. ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक, विरोध असेल तर किती हात आणि कोणाचे, तेही. 'सर्वानुमते' हा शब्द खरंच सगळ्यांचे हात वर असतील तेव्हाच. मसुदा सगळ्यांना पाठव, आक्षेप लेखी मागव. मी हिशेबाचं एक पान साध्या मराठीत करते, ऑडिटरचा इंग्रजी ताळेबंद त्याच्या मागे. शंभर रुपयांतले किती सुरक्षारक्षकाला, किती सफाईला, किती विजेला गेले. तेवढं पान लोक सभेत धरून बसतात. ताळेबंदाचा पंखा करतात.

मुंबईतल्या गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ सालची, भारतातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणतात ती. सहकार चळवळीतल्या तळमकींनी ती उभी केली तेव्हाही पहिल्या वार्षिक सभेत कुणीतरी चुन्याच्या बिलावरून उठलं असणार, याची मला खात्री आहे. माझ्याकडे पुरावा नाही.

नोटिशीचा मसुदा आणि ताळेबंदाचा फोटो मला पाठव, पण छपाईला देण्याआधी. कार्यक्रमपत्रिकेत 'आवश्यक वाटल्यास अंतर्गत हिशेब तपासनीस नेमणे' हा विषय घालता येतो, तो घाल. आणि त्याआधी एक संध्याकाळ दुसऱ्या मजल्यावर जा, ते पद घ्याल का म्हणून त्यांना विचार. काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझी,
नीला