ठेवू की काढू?

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तुम्हाला बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून हे पत्र सूनबाई वाचून दाखवतील. चारचौघांत लिहिते आहे, कारण पोर्ट्रेटच्या धंद्यात नव्याने आलेल्या मुलामुलींनीही ते वाचावं असं फार वाटतं. आणि आभार मानायला पस्तीसहून जास्त वर्षं लावली, तर निदान ते उघडपणे मानावेत.

१९८९ साली लालबागमधल्या तुमच्या स्टुडिओचा लाकडी जिना चढले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. डाव्या गालावर जन्मापासूनचा काळसर चट्टा, कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. लहानपणापासून फोटो म्हटला की मला मान डावीकडे वळवायला सांगायचे, म्हणजे फक्त उजवा गाल दिसावा. स्थळांना पाठवायचा पोस्टकार्ड साइज फोटो आधी दुसऱ्या एका ठिकाणी काढला होता. त्यांनी चट्टा पार पुसून टाकला, मला न विचारता. पाहुणे आले, फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही. आई पोह्यांच्या बशा गोळा करायला उठली, अजून कोणी खायला सुरुवातही केली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात मी एकटी तुमच्याकडे आले. तुम्ही स्टुलावर बसवलंत आणि मला मान कुठेच वळवायला सांगितली नाही. दिवा डाव्या बाजूला ठेवलात. दुसऱ्या दिवशी बोलावून निगेटिव्हच दाखवलीत. खिडकीजवळचं ते उतरतं डेस्क, मधे दुधी काच, खाली उजेड वर फेकणारा आरसा. १२०च्या फिल्म रोलवर माझा चेहरा जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा. चट्टा तिथे काळा नव्हताच, काचेसारखा स्वच्छ होता. तुम्ही सांगितलंत, निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. या मोकळ्या जागेत शिसं भरलं की कागदावर गाल उजळ होतो. पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं केलेलं पेन्सिलचं टोक तुमच्या हातात होतं. भिंगातून मान वर न काढता तुम्ही विचारलंत, "ठेवू की काढू?"

काका, तोवर मला हे कोणी विचारलंच नव्हतं. आईने नाही, डॉक्टरांनी नाही, फोटोवाल्यांनी तर नाहीच. मला उत्तर सुचेना. तुम्ही म्हणालात, "घाई नाही. कपाळावरची पुटकुळी आठ दिवसांत जाणार, ती मी काढतो. ही खूण तुझी आहे, हिचं तू सांग." मी खाली उतरले, भारतमाता टॉकीजपर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हटलं, ठेवा.

लग्नाचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे, इथे त्याचं काम नाही. दर शनिवार-रविवार मी तुमच्याकडे शिकायला येऊ लागले. निगेटिव्हवर शिसं धरावं म्हणून रिटचिंगचं औषध किती पातळ चोळायचं, शिशाचे फटकारे स्वल्पविरामासारखे कसे मारायचे, प्रिंटवरचे पांढरे ठिपके कुठल्या ब्रशने भरायचे, सगळं शिकवलंत. पण त्या तीन शब्दांच्या प्रश्नाचा खरा अर्थ मला कळला तो हार घालायच्या फोटोंच्या कामात.

एक बाई आल्या होत्या. नवऱ्याची नोकरी १९८२च्या गिरणी संपात गेली ती गेलीच, आणि आता तेही गेले. त्यांचा एकच फोटो होता, गिरणीतल्या खात्याच्या ग्रुपमधला, मागच्या रांगेत, शेजाऱ्याच्या खांद्याने अर्धी छाती झाकलेली. तुम्ही तासभर विचारत राहिलात. टोपी ठेवू की काढू? त्या म्हणाल्या, राहू दे, टोपीशिवाय ते कधी बाहेर पडलेच नाहीत. अंगात कोट घालू? नको, सदराच. पुढे आलेला दात? त्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, तो झाका, ह्यांना आवडायचा नाही. तुम्ही झाकलात. बाई गेल्यावर मी तुमच्याशी वाद घातला, की हे खोटं नाही का? तुम्ही विचारलंत, "त्या भिंतीसमोर रोज तुला बसायचंय का?"

पुढे ह्या शहरातल्या फोटोग्राफीचा इतिहास वाचताना तुमची फार आठवण आली. इथे १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. १८६३ आणि १८६६ मध्ये फोटोग्राफर विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या लोकांच्या फोटोंचे दोन खंड छापले. माणसं एकीकडे उभी करून काढलेली, मागचा देखावा दुसरीकडचा, जोडून एक केलेला. फोटोखाली माणसाचं नाव नाही, जात-जमात. त्या चेहऱ्यांकडे बघताना मला सारखं वाटतं, मागे काय ठेवू, खाली काय लिहू, हे त्यांना कोणी विचारलं असेल का?

पण दुसऱ्यांना नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. एका मासिकासाठी वरळी कोळीवाड्यात काम करताना मी एका मावशींच्या हातांवरच्या भेगा, मासळीच्या काट्यांचे जुने व्रण, सगळं कॉम्प्युटरवर गुळगुळीत करून टाकलं. मला वाटलं, मावशी खूश होतील. प्रिंट हातात घेऊन त्यांनी विचारलं, "माझे हात कुठं गेले?" त्या रात्री मला तुमच्या डेस्कसमोर उभं राहिल्यासारखं झालं. चार दिवसांनी मूळ फोटोचा प्रिंट घेऊन गेले आणि माफी मागितली. त्यांनी तो देव्हाऱ्याशेजारी लावलाय.

आता फोनच चेहरा परस्पर उजळ करतो, विचारायचं काम कोणी ठेवलेलंच नाही. मी मात्र समोर बसलेल्या प्रत्येकाला स्क्रीन दाखवते आणि विचारते. माणसं गोंधळतात. काही जण काढा म्हणतात, काही जण ठेवा म्हणतात, एक मुलगी तर माझ्या गालाकडे बघत बराच वेळ गप्प बसली. मी वाट पाहते. मला भारतमातापर्यंत जाऊन यायला वेळ मिळाला होता, तेवढा तरी त्यांना द्यायला हवा. हे सगळं तुमचं देणं आहे काका, आणि ते मी विसरलेले नाही.

गेल्या गणपतीत गावी तुमच्या पडवीत काढलेला तुमचा फोटो सोबत पाठवते आहे. कपाळावर डाव्या भुवईच्या वर जुनी खोक आहे, उन्हात ती चांगलीच उठून दिसते. ठेवू की काढू? सूनबाईंकरवी कळवा, मग मोठा प्रिंट काढते.

तुमची,
डाव्या गालाची मुलगी